बाहेरून कडी नसलेलं घर

अनसूयाकाकू गेल्याचं मला तिच्या मुलानेच, संतोषनेच कळवलं. ज्याच्याविरुद्ध मी महाडच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटली होती, त्यानेच. "आई गेली. झोपेतच. तुला कळवायला सांगून ठेवलं होतं तिनं..." त्याला आता दीड महिना झाला.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत काकू एकटी राहायची, संतोष मुंबईत. महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळल्यानंतर तिने घरामागच्या डोंगरातल्या भेगेच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकल्या आणि मधलं अंतर ती रोज वितीने मोजू लागली. पाऊस वाढला की दारोदार जायची, "शाळेत चला रे." दोनदा लोक गेले, डोंगर हलला नाही. तिसऱ्यांदा हसले. चौथ्यांदा संतोषला फोन गेला, म्हातारी खुळावली. डोळे तपासायला नेतो म्हणून त्याने तिला गाडीत बसवलं आणि घाटावरच्या एका खासगी मनोरुग्णालयात सोडलं.

काकूच्या शेजारणीने सांगितलं म्हणून मी तिथे पोचले, तेव्हा दीड महिना उलटला होता. काकू घरी जाते म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, "त्या ठीक आहेत, पण मुलाची सही हवी." धडधाकट बाईला मुलाच्या सहीसाठी कोंडायचं, याला उपचार नव्हे, डांबून ठेवणं म्हणतात. पत्रकात मी तसंच छापलं. ती आजारी असती तरी हेच छापलं असतं.

काकू मात्र म्हणाली, "सहीचं मागनं बघ गो. पाऊस किती हाय तिकडं? खुंट्या बघून ये."

मी गेले नाही. मला पत्रक छापायचं होतं.

मानसिक आरोग्य मंडळाकडे तक्रार केली, तेव्हा कुठे दसऱ्याच्या तोंडावर तिला सोडलं. घरी येताच तिने माझ्याकडून दाराची बाहेरची कडी उपटून घेतली.

"चोर आला तर?"

"खुळीच्या घरात? तोच घाबरंल."

पुढे दोन वर्षं ती तशीच राहिली. आतून कडी, बाहेरून काही नाही.

तेराव्यानंतर संतोष मुंबईला निघाला. कुलूप हातात घेऊन दारापुढे उभा राहिला... लावणार कशाला? शेवटी ते पायरीवर ठेवून तो घरामागे गेला. मीही गेले. खुंट्या जागेवर होत्या. तो खाली बसला, त्याने मध्ये वीत धरली.

"आई किती सांगायची गं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.