सारं घर मावलेली होडी

डांबराचा वास आला की दुसरबीडच्या रस्त्याकडेला विकायला ठेवलेल्या, डांबर फासलेल्या, उन्हात तापलेल्या मासेमारीच्या त्या दोन जुन्या होड्या आठवतात आणि अजून डोकं फिरतं. सासरे, दीर, जावा, पोरं, सगळे मोठीत चढून बसले. "सारं घर मावते हिच्यात," सासरे खूश. मी लहानीचं टोक एकटीनं उचलून दाखवलं. "मामाजी, हीच घ्या. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं गेलं का होडी गाळातून ओढा लागते." "तुले काय समजते त्यातलं?" म्हणाले, आणि मोठी घेतली. बसून सगळ्यांनी पाहिली, उचलून एकानंही पाहिली नाही. आताही उन्हाळ्यात गुडघाभर गाळातून ती ओढायला आम्ही दोघं नवरा-बायकोच असतो, आणि सारं घर काठावरून ओरडतं, "जोर लावा ना!"