सांध्यातली फट

माझा दादा सुतार. त्याच्या कपाटाच्या सांध्यात नखसुद्धा शिरत नाही, असं तो सांगायचा आणि समोरच्याला नख घालून बघायलाही लावायचा. वहिनी रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होती. गाडी आली की फाटक लावायचं, खोळंबलेल्यांच्या शिव्या खायच्या आणि गाडी गेली की उघडायचं, यात तिचं आयुष्य गेलं. मग झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत.

दादाने दुसऱ्या दिवशी प्लायवूड आणलं.

त्याला वहिनीच्या पलंगाशेजारी छोटी रेल्वे उभी करायची होती. आधी तो तिच्या बाजूला आडवा झाला, तिथून काय दिसतं ते पाहिलं आणि टेबलाचे पाय त्या मापाने कापले. खिडकीपाशी वळण, पलीकडे बोगदा, अलीकडे फाटक. फाटकाची दोरी वहिनीच्या डाव्या हातात.

"तिची चादर बदलायची राहिलीय आणि तू डोंगर कसले रचतोस?" मी विचारलं.

"डोंगर नाही, बोगदा आहे," तो म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. पण त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं. वहिनीने एकदा दोरी ओढून फाटक लावावं आणि गाडीने तिच्यासमोरून पूर्ण फेरी मारावी. बस्स.

दुकानातून आणलेले लोखंडी रूळही त्याने कपाटासारखेच जोडले, टोकाला टोक घट्ट भिडवून, खाली गोंद लावून. तारा जोडून होईपर्यंत उन्हाळा तापला. गाडी निघायची, बोगद्यातून बाहेर यायची आणि खिडकीच्या वळणावर, जिथे ऊन पडायचं, तिथे कलंडायची. रूळ तिथे फुगून वर आलेला असायचा. दादा तो दाबायचा, आणखी गोंद ओतायचा, खिळे ठोकायचा, दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायचा.

वहिनी डावा हात उचलायची. अंगठा आणि बोट यांत जराशी फट धरायची.

"घोटभर पाणी?" दादा लगेच उठायचा.

ती तोंड मिटून घ्यायची. पाणी हनुवटीवरून उशीवर गळायचं. ती पुन्हा तीच खूण करायची, दादा पुन्हा पेला भरायचा. "हट्टीच आहे," तो मला सांगायचा. शेवटी तिने हात उचलणं सोडलं. थोड्याच दिवसांत ती गेली. गाडीची फेरी काही झाली नाही.

नंतर तिच्यासोबत काम केलेला एक म्हातारा रूळ-कामगार भेटायला आला. बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो टेबलाकडे वळला. वळणावरून त्याने बोट फिरवलं.

"एवढे घट्ट नाही भिडवायचे. उन्हात लोखंड वाढतं, त्याला जागा लागते. फाटकावर राहणाऱ्याला हे रोज दिसतं." मग त्याने अंगठा आणि बोट जवळ धरलं. "सांध्यात एवढीशी फट ठेवायची."

दादा त्या बोटांकडे बघत राहिला.

"ती सांगत होती," दादा म्हणाला. "आणि मी तिला पाणी पाजत होतो."