बोटाला लागणारी नक्षी

“बाळू, तुझी आत्या गेली रे...” रंगनाथमामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा फोन आला तेव्हा मी लासूर स्टेशनच्या बाजारात सोयाबीनचं माप बघत उभा होतो. “काल सांजेपर्यंत लाकूड घासत होती. सकाळी उठलीच नाय.” मग म्हणाले, “हाताला अजून भुसा हाय तिच्या.” त्याला आता काही आठवडे झाले. पण कौसाआत्याबद्दल रडवेलं लिहायला बसलो की हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

आत्याचं बालपण खुलताबादच्या डोंगरात मेंढरांमागं गेलं आणि संसार चिकलठाण्यात झाला. मामा तिथल्या कारखान्यात फिटर. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं राउटर आणला, लाकडात खाचा कोरणारं एक गुरगुरणारं यंत्र. खाच कोरायची, तिच्यात दुसऱ्या रंगाच्या लाकडाचा तुकडा बसवायचा, फटीत इपॉक्सी, म्हणजे वाळून दगडासारखं घट्ट होणारं चिकट रसायन, ओतायचं आणि वाळलं की घासून सपाट करायचं. मामांचे दोन ट्रे झाले आणि त्यांची नजर जायला लागली. ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामांनी यंत्र फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. आत्यानं ते खाली काढलं. म्हणाली, “तुम्ही ऐका, मी बघते.” आणि खरोखर तसंच चाललं. ती राउटर धरायची, मामा खुर्चीत कान देऊन बसायचे. आवाज जड झाला की ओरडायचे, “कौसे, दाबू नको, बिटाचं पातं जळंल!” आणि ही यंत्रापेक्षा मोठ्यानं, “तुम्ही मुकादम कवापासून झाले?”

इपॉक्सीशी मात्र तिचं लवकर जमलं नाही. दोन बाटल्यांतलं रसायन मोजून, थोडं थोडं कालवायचं असतं, एकदम जास्त कालवलं की ते तापतं. आत्याला थोडं थोडं काही करताच येत नसे. भर मे महिन्यात तिनं पेलाभर कालवलं... पेला तापला, धूर निघाला, “अगं बया!” म्हणत तिनं तो अंगणात भिरकावला. थोड्या वेळानं उचलून आणला तर आत चमचा ताठ उभा, हलेना की निघेना. मामांनी चाचपून पाहिलं आणि पोट धरून हसले. नजर गेल्यापासून ते हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मामांना धास्ती एकाच गोष्टीची होती, आपण कुणाच्या तरी हाताला धरून चालणारे होणार. भिंतीला चिकटून चालायचे आणि मधेच उभे राहायचे. आत्यानं मग सागवानी पट्ट्या घेतल्या, त्यांत आकृत्या बसवल्या आणि हात पोचेल अशा उंचीवर घरभर भिंतींवर ठोकल्या. स्वयंपाकघराच्या आधी पळी, न्हाणीच्या आधी मासा, पलंगापाशी चंद्र, बाहेरच्या दाराशी मेंढरू. मेंढरू कुत्र्यासारखं दिसतं, हे मी तिला सांगितलं होतं. “तुला कुठं हात लावून बघायचंय?” ती म्हणाली. तेव्हा मी बोट फिरवून पाहिलं. या कामात जोड बोटाला लागू नये, तीच खरी सफाई. इथं प्रत्येक आकृती तांदळाच्या दाण्याएवढी वर उठलेली. मी म्हटलं, “आत्या, घासायचं राहिलं की.”

“राहिलं नाय, ठेवलंय.”

महिन्याभरात मामा घरात धडाधड चालायला लागले. आत्याच ओरडायची, “हळू! शर्यत हाय का?”

तेराव्यानंतर मी त्यांना माझ्या घरी लासूरला न्यायला त्यांची बॅग काढली. एकटे कसे राहणार, हाच सगळ्यांचा प्रश्न होता. चेनचा आवाज मामांनी बरोबर ओळखला.

“लई माया हाय तुमची,” ते म्हणाले. “पण तुमच्या भिंती गुळगुळीत हायत रे, बाळू. बस. चहा टाकतो.”

आणि निघाले. बोटं पट्टीवरून सरकत होती, आकृती आली की क्षणभर थांबत होती, पुन्हा पुढं. दाराच्या वळणावर ते जरा रेंगाळले, आणि त्यांना धरायला मी अर्धवट उठलो... पुन्हा बसलो. त्यांचा हात तिनं आधीच धरला होता.