महादेवीचा लोडर आणि मी बांधलेला नारळ

मी गेली बावीस वर्षं सोलापूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये हायड्रॉलिक्स शिकवतो आणि या काळात एकही यंत्र माझ्या हातून दुरुस्त झालेलं नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शिकवायला खडू लागतो, पाना लागत नाही. अडचण एवढीच, की हा फरक आमच्या घरच्यांना कुणी कधी समजावून सांगितला नाही. (मी तर नाहीच नाही!) त्यामुळे नात्यात कुणाचा मिक्सर अडला, कुणाची मोटर पाणी ओढेना, कुणाच्या दुचाकीतून धूर आला, की पहिला फोन मला येतो. मी दोन-चार भारदस्त शब्द टाकतो, पलीकडचा माणूस "बरं बरं, सर" म्हणतो आणि गल्लीतल्या मेस्त्रीकडे जातो. माझी कीर्ती अशी बसल्या जागी वाढत होती.

ती उतरणीला लागली माझ्या धाकट्या बहिणीच्या लोडरपासून.

महादेवी अक्कलकोटच्या अलीकडे एका खेड्यात दिलेली. तिचा नवरा सिद्धाराम ट्रॅक्टर चालवायचा, पण गेल्या वर्षी त्याची पाठ अशी धरली, की डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर बसायचंच नाही म्हणून सांगितलं. तेव्हा महादेवी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलला शिलाई मारायला जात होती. तिने काय करावं? ते काम सोडलं, ओळखीच्या एका ठेकेदाराकडे चार महिने लोडर चालवायला शिकली आणि हातातल्या पाटल्या मोडून एक जुना लोडर विकत घेतला! लोडर म्हणजे ते बुटकं, जागच्या जागी गर्रकन वळणारं यंत्र. दोन बाजूंना दोन लोखंडी बाह्या, पुढे बकेट, आणि मधे पिंजऱ्यासारख्या केबिनमध्ये चालवणारा माणूस. किंवा महादेवी.

जवळच्याच एका साखर कारखान्याला प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा काळा गाळ, ट्रॉल्यांत भरायला लोडर हवा होता. मंगळवारी दुपारी तीन वाजता तिथले यार्ड सुपरवायझर बिराजदार साहेब स्वतः तिच्या दारात येऊन लोडर बघणार होते. समोर मातीचा ढीग, दहा बकेट भरून दाखवायच्या. पसंत पडलं तर हंगामभराचं काम. नाही पडलं तर दुसरा लोडरवाला तयारच होता, आणि महादेवीला पुन्हा टॉवेलच्या कडा शिवायला जावं लागलं असतं.

म्हणून आदल्या दिवशी, सोमवार बघून, आम्ही यंत्राची पूजा केली. आमच्या घरात एक पद्धत आहे. बहिणीच्या दारी नवं वाहन आलं, की थोरल्या भावाने त्याला नारळ बांधायचा. आणि तो नारळ अमावास्येपर्यंत बांधणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी सोडायचा नाही. लोकं समोर लोंबता नारळ बांधून मोकळे होतात. मी पडलो हायड्रॉलिक्सवाला! कंपनांचा विचार केला. नारळ लाल कापडात गुंडाळला आणि थेट केबिनच्या आत, चालवणाऱ्याच्या मांडीवर खाली येणारी जी आडवी दांडी असते, तिच्या बिजागरीपाशी तारेने करकचून बांधला.

"आता भूकंप झाला तरी सुटणार नाही," मी म्हणालो. आमची अव्वा, म्हणजे आई, कौतुकाने सगळ्यांकडे बघत होती. मी विभूती लावून, जेवून, सोलापूरला परत आलो.

मंगळवारी सकाळी नऊला फोन.

"अण्णा, लोडर सुरू होतोय, पुढं-मागं जातोय, पण बाह्या उचलंना की!"

"काहीही हात लावू नका," मी म्हणालो. "मी येतो."

हे वाक्य मी का बोललो, ते मला आजही सांगता येत नाही. 'मेस्त्रीला बोलवा' हे त्याहून सोपं वाक्य होतं! पण सात रस्त्याजवळच्या माझ्या घरात त्या वेळी बायको ऐकत होती, अव्वा ऐकत होती, आणि मी बावीस वर्षांची कीर्ती घेऊन उभा होतो. मी कॉलेजात रजा टाकली, शेजाऱ्यांकडून पान्यांची पेटी मागून घेतली (आमच्या घरी हायड्रॉलिक्सवरची पुस्तकं होती, पाने नव्हते) आणि अव्वाला घेऊन निघालो. अव्वा म्हणाली, "मी येते. तू काम करतोस ते मला कधी बघायलाच मिळालं न्हाय." माझी आईच ती, टोमणा नव्हता, पण लागला.

दहा-साडेदहाला पोचलो. अंगणात लोडर बकेट जमिनीला टेकवून गप उभा होता. महादेवी साडीवर नवऱ्याचा शर्ट घालून, पदर खोचून तयार. सिद्धाराम पाठीला पट्टा बांधून खाटेवर. मी आधी काय करावं? भिंतीवर कोळशाने आकृती काढली. टाकी, पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर, बाण.

"कुठल्याही बिघाडात पहिला प्रश्न कुठला?" मी वर्गात विचारतो तसं विचारलं. "शेवटचं नीट चाललं, तेव्हापासून काय बदललं? महादेवी, शेवटचं नीट कधी चाललं?"

"रविवारी. दहा-बारा बकेट माती उचलली की."

"मग त्यानंतर काय बदललं?"

"काय न्हाय. तुमी नारळ बांधला तेवढाच."

"ते देवाचं झालं. मी तांत्रिक विचारतोय."

"मग तांत्रिक काय न्हाय, अण्णा."

"उत्तम," म्हणून मी बाणाकडे वळलो.

तेल कमी आहे, हा माझा पहिला निष्कर्ष. तेल पाहिलं. काठोकाठ होतं! तेल पुरेसं आहे म्हणजे फिल्टर चोंदलाय, हा दुसरा. फिल्टर काढायला अर्धा तास गेला. तो उलट्या बाजूने फिरवत होतो, ते सिद्धारामने खाटेवरून दाखवून दिलं. फिल्टर स्वच्छ निघाला. मग मला खात्रीच पटली, की नळीत कचरा अडकलाय.

"अण्णा, मी काय म्हणते," महादेवी म्हणाली, "ती दांडी आज जरा—"

"दांडीचा आणि तेलाच्या दाबाचा काय संबंध? आकृतीत दांडी आहे का?"

तिने आकृतीकडे नीट निरखून पाहिलं. "न्हाय," म्हणाली. माझ्या कुठल्याच पुस्तकात दांडी नव्हती, हे मी इथे नम्रपणे नमूद करतो.

मी पाना लावला आणि नळीचा नट सोडला. पुढे जे झालं ते वर्गात मी शंभर वेळा सांगितलंय: इंजिन बंद केलं तरी आत दाब शिल्लक राहू शकतो, म्हणून आधी तो मोकळा करावा. विद्यार्थी ते परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. मी ते विसरलो आणि तेल मिळवलं! चष्मा, पांढरा शर्ट, खिशातलं पेन, तिथून उरलेलं सगळं अंगणात. अव्वा तीन पावलं मागे सरकली आणि इरकलीचा काठ वर धरून ओरडली, "एनातु? काय झालं रे?"

"दाब आहे!" मी चष्मा पुसत म्हणालो. "म्हणजे पंप चांगला आहे. ही मोठी माहिती मिळाली."

ही माहिती मिळाल्यावर टाकीत तेल उरलं नव्हतं. सिद्धारामने पाठीचा पट्टा आणखी एक घर आवळला आणि मोटारसायकल काढली. "बसा सर, मी आणतो अक्कलकोटातनं," म्हणाला. ज्या माणसाला डॉक्टरांनी ट्रॅक्टरवरही बसू नको म्हणून सांगितलंय, तो माझ्या शोधकार्यासाठी खडबडीत रस्त्याने तेल आणायला निघाला, आणि मी त्याला "हायड्रॉलिकचंच आण, इंजिनचं नको" एवढंच म्हणालो. आज आठवलं की मला माझ्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तो दीड वाजता दोन डबे घेऊन आला. चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता. तेल भरलं, नळी घट्ट केली, फिल्टर (सरळ बाजूने) बसवला. महादेवी चढली, इंजिन सुरू केलं, लिव्हर ओढलं. लोडर गुरगुरला. बाह्या जागच्या हलल्या नाहीत.

"बरोबर," मी म्हणालो.

"काय बरोबर, अण्णा?"

"हेच अपेक्षित होतं," मी म्हणालो. मला काहीही अपेक्षित नव्हतं.

सव्वादोन वाजले होते. आता आकृतीत फक्त एक गोष्ट उरली होती, व्हॉल्व्ह, आणि तो उघडायचा पाना शेजाऱ्यांच्या पेटीत नव्हता. मी हात पुसले, घसा साफ केला आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात त्या आवाजात सांगितलं, "मुख्य व्हॉल्व्ह गेलाय. पुण्याहून मागवावा लागेल. आठ दिवस."

महादेवी केबिनमधून उतरली आणि बकेटच्या कडेवर बसली. तिच्या मनगटांवर पाटल्यांच्या जागी अजून फिकट गोल दिसत होता. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. अंगावरचा सिद्धारामचा शर्ट काढून तिने घडी घातली आणि मांडीवर ठेवली. तिथे मला पहिल्यांदा कळलं, की हा माझ्या कीर्तीचा प्रश्न नव्हताच.

"अण्णा," ती म्हणाली, "रागवू नका. जाता जाता एक करता का? तेवढा नारळ सोडता?"

"आता नारळावर कशाला राग काढतेस?"

"राग न्हाय हो! त्याच्यानं दांडी पुरती खाली बसत न्हाय. दोन बोटं वर राहतीया. माझ्या ठेकेदारानं पहिल्याच दिवशी शिकवलं हुतं, दांडी नीट खाली आल्याबिगर बाह्या उचलायच्या न्हाईत. माणूस चढता-उतरताना बकेट उचलून अपघात हू नये म्हणून यंत्रातच तसं केलेलं असतं. मशिनीला वाटतंय, मी अजून उतरतेच हाय."

"मग हे सकाळपासून बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले की."

"आणि सोडला का नाहीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमी बांधलेला, अण्णा. मी कसा सोडू?"

बोला आता! बाईला सगळा बिघाड सकाळीच माहीत होता. हंगामभराचं काम जायची वेळ आली, नवरा पाठ मोडून तेल घेऊन आला, पण भावाने बांधलेल्या नारळाला तिने हात लावला नाही. मी अव्वाकडे पाहिलं. अमावास्येला अजून नऊ दिवस होते. पद्धत तिच्या सासूपासून चालत आलेली. अव्वाने एकदा नारळाकडे पाहिलं, एकदा महादेवीच्या मांडीवरच्या घडीकडे.

"बिच्चो!" ती माझ्यावर ओरडली. सोड म्हणजे सोड!

तार सुटेना. (भूकंपाची तयारी ना!) शेवटी मी आणि सिद्धाराम दोघांनी मिळून पकडीने तोडली. महादेवीने शर्ट पुन्हा अंगात घातला, आत बसली, दांडी खाली ओढली. खट्! असा आवाज सकाळपासून एकदाही आला नव्हता. तिने लिव्हर ओढलं आणि बाह्या वर गेल्या. आधी थोड्या गचके खात, कारण नळ्यांत मी भरपूर हवा भरून ठेवली होती, मग लोण्यासारख्या. अव्वाने तिथेच कानशिलावर बोटं मोडली. मी तोंड धुवायला आत गेलो आणि जरा वेळ आतच राहिलो.

बिराजदार साहेब तीनला पाच कमी असताना आले. महादेवीने दहा बकेट भरून दाखवल्या. एकाही बकेटमधून माती सांडली नाही. मग तिने अंगणात उभी असलेली ट्रॉली आणि भिंत यांच्यामधल्या जागेत लोडर जागच्या जागी फिरवून दाखवला, आणि मी शिट्टी वाजवायचा तेवढा राहिलो. साहेब मान डोलावत होते. मग त्यांची नजर अंगणभर पसरलेल्या तेलाकडे गेली, भिंतीवरच्या आकृतीकडे गेली आणि शेवटी माझ्या शर्टावर येऊन थांबली.

"हे काय झालं?"

महादेवीने इंजिन बंद केलं. "हे माझे अण्णा, साहेब. पॉलिटेक्निकला सर हायेत. काम हाताशी यायच्या आदी मशीन आतनं-बाहेरनं सगळं तपासून घेतलं त्यांनी. एक नळी सोडली न्हाय!"

यातला शब्द न् शब्द खरा होता. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. तसं नसतं तर त्या तेलातच मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं. दिवसभर मी तिचं ऐकलं नाही, तिचं तेल सांडलं, तिच्या नवऱ्याला पळवलं, आणि तिने चारचौघांत माझी मान वर ठेवली. असं माणूस पाठीशी असायला काय पुण्य लागतं, ते मला ठाऊक नाही. माझ्या हातून तरी झालेलं आठवत नाही.

"उद्यापास्नं या कामावर," साहेब तिला म्हणाले. सिद्धाराम खाटेवर पडूनच हसला. मग साहेब माझ्याकडे वळले आणि एकदम आदराने म्हणाले, "सर, बरं झालं भेटलात. आमच्याकडं ऊस उतरवायचा क्रेन हाय, तोही हायड्रॉलिकच. कालपास्नं जरा दमानं उचलतोय. गाडी हायच माझी. येता का, एक नजर टाकायला?"

आणि खरं सांगतो, त्या शर्टात, त्या अंगणात, इतकं सगळं होऊनही माझ्या तोंडून "बघू या की" निघालंच होतं! तेवढ्यात महादेवी केबिनमधून उतरून आमच्या मधे येऊन उभी राहिली.

"न्हाय, साहेब," ती हात जोडून म्हणाली, "अण्णांना अंधार पडायच्या आत सोलापूर गाठायचंय."

घड्याळात साडेतीन वाजले होते. सगळे म्हणतात, महादेवीने त्या दिवशी हिमतीवर हंगामभराचं काम मिळवलं. मी म्हणतो, तिने त्या दिवशी कारखान्याचा गळीत हंगाम वाचवला.