मोसंबी म्या कापली होती

माझ्या परसात लिंबाच्या जातीची सात झाडं हायती. दोन कागदी लिंबं, दोन मोसंब्या, एक इडलिंबू, कोपऱ्यात एक महाळुंग. ही सहा म्या आवडीनं जमवलेली. सातवं माझ्या बायकोचं. ती जाऊन दोन वर्सं झाली. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय न्हाय. पण त्या सातव्या झाडाबद्दल लिहून ठेवायला पायजे.

ते झाड तिनं माहेराहून आणलं, अणदूरहून. एसटीत येरमाळ्यापतूर मांडीवर धरून आणलं, कुणाला हात लावू दिला न्हाय. कलमी मोसंबी म्हणून विकत घेतलेलं. न्हाणीचं पाणी जातंय तिथं तिनंच खड्डा काढला, तिनंच लावलं, शेरडं खातील म्हणून भोवती बाभळीच्या काट्या तिनंच रोवल्या.

पाच वर्सांनी फळ धरलं. खडबडीत सालीचं, बियांनी भरलेलं, आंबट ढाण. त्या दिवशी घरी पाव्हणे होते. म्या त्यांच्यासमोर फोड थुंकली आणि म्हणालो, "हिच्या हाताला गुणच न्हाय. मोसंबी लावली तर हे उगवलं. हिनं बाभळ लावली तर तिला काटे बी यायचे न्हाईत."

पाव्हणे हसले. ती बी हसली, तोंडाला पदर लावून. मग काय, मला चव लागली. कुणी बी परसात आलं की मी झाड दाखवायचो आणि तेच बोलायचो.

आमच्यात पेरणीला पहिली मूठ घरच्या थोरल्या बाईनं टाकायची असती. पूर्वी तिफणीच्या चाड्यावर धरायची, आता ट्रॅक्टरच्या बियाच्या पेटीत टाकायची, पण हात तिचाच लागतो. त्या साली बायकोनं पेटीला हळदकुंकू लावलं आणि माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला पुढं केलं.

"तू टाक गं. माझ्या हाताला गुण न्हाय."

"ताई, काय तरीच बोलताव."

"टाक म्हणते न्हवं."

ती मागं सरली ते सरलीच. आठ पेरण्या झाल्या, तिनं बियाला हात लावला न्हाय. सून तुळशीचं रोप लावायला बसली तर ही लांब उभी राहून सांगायची, "माती दाब अजून." स्वतः जवळ यायची न्हाय. मी हे सगळं बघत होतो. अगं, मी गमतीनं म्हणलो, एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं न्हाय.

झाड मात्र तिनं तोडू दिलं न्हाय. त्याच्या फळांनी ती देवाची ताम्हणं आणि पाण्याचा तांब्या घासायची. तांब्या असा लखलखायचा की तोंड दिसायचं.

ती गेली. आंबट फळं झाडाखाली पडून सडायला लागली. गेल्या हिवाळ्यात म्या ठरवलं, ह्या झाडाचं मोसंबीत रूपांतर करायचं. माझ्या चांगल्या मोसंबीचे डोळे ह्याच्या नव्या फुटव्यांवर भरायचे, आणि ते जगले की वरचं जुनं झाड कापून टाकायचं. डोळा म्हणजे काडीवरची बारीक कळी. सालीसकट काढायची, दुसऱ्या झाडाच्या सालीत सरकवायची आणि पट्टीनं बांधायची. माझा हात आता कापतो, म्हणून जळकोटकडचा एक डोळे भरणारा बोलावला.

तो आला, पानं हुंगली आणि बुडाशी बसून माती उकरायला लागला.

"आजोबा, ही जंबेरी हाय. आंबट रानलिंबू, कलमाच्या खालच्या खुंटाला वापरतेत ती."

"म्हणजे नर्सरीवाल्यानं फसिवलं म्हणा की."

"न्हाय. हे बघा. ह्या गाठीवर मोसंबीचा डोळा बांधलेला होता. जगला बी होता, करंगळीएवढा झालेला. कुणीतरी तो तिरपा कापलाय आणि खालची जंबेरी वाढू दिलीय."

"शेरडानं खाल्लं असंल."

तो हसला. "तुमचं शेरडू इळा धरतंय व्हय?"

आणि मला आठवलं. झाड लावल्याच्या दुसऱ्या साली ती भावाच्या पोरीच्या लग्नाला आठ दिवस माहेरी गेली होती. मी परसात गेलो तर गाठीच्या वर एक पिवळट, रोडका शेंडा आणि गाठीच्या खालून दोन काटेरी फोक, हिरवेगार, जोमात. जवारीची विरळणी करताना आपण काय करतो? जोमदार ठेवतो, रोडकं काढतो. जन्मभर तेच केलेलं. म्या इळा घेतला आणि रोडकं उडवलं. त्या झाडात मोसंबी तेवढीच होती. ती माहेराहून आली, झाड वाढलेलं बघून खूश झाली. मी विसरून गेलो.

"कुणी कापलं?" त्यानं विचारलं.

खरं तोंडावर आलं होतं. आणि मी म्हणालो, "बायकोनं कापलं असंल. तिला कुठं काय कळत होतं."

त्यानं मान खाली घातली. "जाऊ द्या. गेलेल्या माणसाला काय बोलायचं."

तो डोळे बांधत होता आणि मी पट्ट्या हातात देत होतो. तिच्या जितेपणी बोललो ते नकळत बोललो, असं म्हणून सुटता आलं असतं. पण हे? हे मला ठावं असताना बोललो. तिच्या फोटोसमोर जेवायला बसतो त्या जाग्यावर मला चार दिवस बसवंना. पाट उचलून चुलीकडं तोंड करून बसलो. सूनबाई म्हणाली, "मामा, तिकडं धूर लागतोय." म्हणलो, लागू दे.

यंदा पेरणीला सगळे बांधावर जमले. भाऊ, पोरगा, सूनबाई, ट्रॅक्टरवाला. भावजयीनं मूठ भरली. मी म्हणालो, "थांबा जरा. ते मोसंबीचं झाड म्या कापलं होतं. तिनं लावलं ते चांगलं होतं. तिचा हात चांगला होता."

भावाला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. "दादा, सावलीत बसा."

मग सगळं सांगितलं. इळा, गाठ, जळकोटच्या माणसाला काय बोललो ते बी.

भावजय माझ्याकडं बघत होती. ह्या घरात आल्यापासनं तिनं माझ्या तोंडाकडं असं कधी बघितलं न्हवतं.

"दादा, हे ताईंला सांगायचं होतं."

"व्हय."

"आठ साल मी त्यांच्या जाग्यावर उभी राहिले. मला बी खरंच वाटायला लागलं होतं त्यांच्या हाताचं. लोणचं घालताना मी त्यांना मीठ लावू देत नव्हते."

हे मला ठावं न्हवतं. म्हणजे माझा इनोद सैपाकघरापतूर गेला होता.

तिनं पेटीत मूठ सोडली, म्हणाली, "ही ताईंची." मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "चल, ओल चाललीय." माझ्याशी त्या दिवशी बोलली न्हाय. बरोबर केलं.

भरलेल्या सात डोळ्यांतले चार जगलेत. जुनं झाड कापलं, एक जंबेरीची फांदी ठेवली. डोळेवाला म्हणाला होता, ती बी काढा, न्हाय तर जोर करंल. म्या काढली न्हाय, तांब्या घासायला फळ लागतं. घासतो मी, पण तिच्यासारखा निघत न्हाय.

परसात कुणी आलं की विचारतं, हे झाड कुणी लावलं? मी म्हणतो, तिनं. आणि कापलं कुणी, ते न विचारता सांगतो.