धुळाच्या कानाचा कागद

माधवनगरच्या डॉक्टर संयोगिताबाई कान-नाक-घशाच्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या आणि पुढच्याच रविवारी कुपवाडला फुकट तपासायला बसल्या. एका कारखानदारानं आवारातली खोली दिली होती. बाकीची सगळी व्यवस्था लालासाहेब नावाचे एक कार्यकर्ते बघायचे. नऊ वर्षं दोघांनी मिळून तो दवाखाना चालवला. लालासाहेबांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा बाई महिनाभर रोज त्यांच्या घरी जात होत्या. ते बाईंना ताई म्हणत, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

येणारे बहुतेक त्याच कारखान्यातले. प्रेस मशीनच्या दणक्यानं कान गेलेले. चारचौघांत लपवायचे, बाईंपुढं मात्र कबूल करायचे. माणदेशाकडून आलेला कामगार धुळा म्हणाला होता, डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही, पण हे कुठं जाऊ देऊ नका. बाईंनी शब्द दिला आणि त्याचा केसपेपर कपाटात ठेवला.

गेल्या उन्हाळ्यात धुळा त्यांच्या घरी आला. पायरीवरच उभा राहिला. त्याच्यासकट सहा जणांना कामावरून काढलं होतं. ऐकू येत नाही, एखाद्या दिवशी मशीनमध्ये हात जाईल, असं कारण दिलं होतं.

“बाई, माझ्या कानाचं माझ्या बायकुलाबी ठावं न्हाई,” तो म्हणाला. “तुमालाच तेवढं सांगितलं हुतं.”

सहाही जणांचे कागद बाईंच्याच कपाटात होते, आणि त्याची दुसरी किल्ली फक्त लालासाहेबांकडे होती.

बाईंनी जाऊन विचारलं तेव्हा लालासाहेबांनी नाकारलं नाही. मालक कागद बघायला मागायचा आणि दोन वर्षं आपण ते देत होतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

“जागा त्याची आहे, ताई. नाही म्हटलं असतं तर दवाखाना बंद पडला असता.”

“मग पडू द्यायचा होता,” बाई म्हणाल्या.

त्यांना खरं लागलं ते वेगळंच. या माणसाला आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. उलट आपण ताईंचं काम वाचवलं, अशाच भावनेनं तो बोलत होता. आपली किल्ली टेबलावर ठेवून त्या निघून आल्या. पुन्हा बोलल्या नाहीत.

मालक भेटला नाही. वकिलाकडून पत्र पाठवलं, त्यालाही उत्तर आलं नाही. मग बाई त्या कामगारांच्या घरोघर गेल्या आणि कागद माझ्याच कपाटातून गेले, असं स्वतः सांगितलं. कुणी भांडलं नाही, पण बसाही म्हणालं नाही. धुळाची खोली रिकामी होती. बायकापोरांसकट तो गावाकडं गेला, असं शेजारणीनं सांगितलं.

आता बाई रविवारी घरीच तपासायला बसतात. दोन महिने कुणी फिरकलं नाही. मग एक बाई आली, कान ठणकत होता. संयोगिताबाईंनी कागद ओढून नाव विचारलं.

“नाव कशाला पायजे?” ती म्हणाली.

बाईंनी कागद बाजूला सारला. कान तपासला, औषध दिलं, आठवड्यानं पुन्हा दाखवायला सांगितलं. तिनं मान हलवली. ती अजून आलेली नाही.