बोटावरची साखर

अतिदक्षता विभागातल्या मोठ्या सिस्टरांना त्यांच्या पाठीमागे सगळे 'मीटर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, कारण हे कौतुकच आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. बोट टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, साखरेचा आकडा वाचायचा. हे काम त्यांच्याइतकं झटपट कुणाला जमत नसे. घरी चहाला आलेल्या पाहुण्यांचीही बोटं त्यांच्या तावडीतून सुटत नसत. नणंदेने एकदा चारचौघांत ऐकवलं होतं, "वहिनी, तुझ्याकडे आधी रक्त द्यावं लागतं, मग बिस्किट मिळतं."

नव्या मुलींना शिकवताना मात्र त्या फार काटेकोर. "बोटाचा मीटर चालत्याफिरत्या माणसासाठी केलाय. आपला माणूस आडवा असतो. हात सुजलेले, बोटं गार, अंगात नाही नाही ती औषधं. त्याच्या बोटातल्या थेंबावर विसंबू नका. धमनीत नळी असेल तर तिच्यातलं रक्त घ्या. आकडा पटला नाही तर लॅबला पाठवा." हे भाषण त्यांना इतकं तोंडपाठ झालं होतं, की ते आपल्यालाही लागू आहे हे त्या विसरून गेल्या होत्या.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक फळवाला होता. पोटाचं ऑपरेशन झालेलं, रक्तात जंतू पसरलेले, तोंडात श्वासाची नळी, गुंगीच्या औषधाने झोपवलेला. साखर चढत होती म्हणून पंपातून इन्सुलिन चालू होतं. दुपारी भेटीच्या वेळेला त्याची बायको आली ती पिशवीत संत्रं लपवून.

"सिस्टर, खायला नाही देत हो. नुसता वास देऊ का? जन्म गेलाय त्यांचा ह्या वासात."

फळ आत आणायला मनाई होती. पण मोठ्या सिस्टरांना त्या दिवशी उदार व्हायची लहर आली. "मी काही पाहिलं नाही," असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली, आणि खरोखरच काही पाहिलं नाही.

बायको बाहेर गेल्यावर त्यांनी फळवाल्याच्या बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि टोचलं. तीनशेच्या वर! सकाळी दीडशे होती. धमनीची नळी हाताशीच होती, पण तिचा व्याप कोण करणार? त्यांनी पंपाचा वेग वाढवला. थोड्या वेळाने त्याच हाताचं दुसरं बोट टोचलं. आकडा तसाच. आता मात्र त्यांना शंका आली. मीटरची नव्हे, बायकोची. त्या तरातरा बाहेर बाकापाशी गेल्या.

"रस पाजलात ना?"

"तोंडात नळी आहे, सिस्टर. कुठून पाजू?"

"मग साखर आली कुठून?"

"ते तुम्ही सांगायचं. मी फळं विकते."

"उद्यापासून तुमची भेट बंद," असं सुनावून मोठ्या सिस्टर परत फिरल्या. आपण किती कर्तव्यकठोर आहोत, या विचाराने मान अंमळ ताठच होती.

खाटेवर फळवाला घामाने निथळत होता. नाडी धावत होती. त्याचं कपाळ पुसायला त्यांनी त्याचा हात बाजूला केला, तर त्याची बोटं हातमोज्याला चिकटली. त्या वाकल्या. संत्र्याचा घमघमाट आला.

त्यांनी घाईघाईने धमनीच्या नळीतून रक्त काढून तपासलं, तर साखर जेमतेम तीस. त्यांनी पंप बंद केला, हाक मारून डॉक्टरांना बोलावलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. तरुण डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "हात पाण्याने धुतला होता का? फळातली साखर स्पिरिटने जात नाही."

"माहीत आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मीच शिकवते."

साखर वर आली. पण मेंदू इतका वेळ साखरेवाचून राहिला होता. त्याला इजा झाली की नाही, हे माणूस जागा झाल्यावरच कळणार होतं. डॉक्टरांनी गुंगीचं औषध थांबवलं. मोठ्या सिस्टर बाहेर गेल्या आणि बायकोला आत घेऊन आल्या.

"ताई, चूक माझी झाली. संत्र्याचा रस यांच्या बोटाला लागला होता. मी हात न धुता टोचलं आणि औषध वाढवलं."

"फोड दिली होती मुठीत. मग काढून घेतली." बायकोने जरा विचार केला. "म्हणजे इन्सुलिन तुम्ही संत्र्याला दिलंत?"

"हो. लागलं मात्र यांना."

"आणि भेट माझी बंद?"

मोठ्या सिस्टरांना जन्मात पहिल्यांदा सांगायला एकही आकडा नव्हता. "ती कधीच बंद होणार नाही. पण हे जागे होतील का, ते मला खरंच माहीत नाही."

बायको नवऱ्याच्या कानाशी वाकली. हळू बोलायची तिला सवय नव्हती. "अहो! गिऱ्हाईक संत्री दाबदाबून बघतंय!"

काही झालं नाही. मोठ्या सिस्टरांनी ओल्या फडक्याने त्याचा हात पुन्हा पुसायला घेतला. एकेक बोट, नखांच्या कडासुद्धा.

"अहो, खालची ओढतंय! ढीग पडेल सगळा!"

फळवाल्याच्या कपाळाला आठी पडली. डोळे किलकिले झाले, बायकोवर ठरले, मग हळूहळू सिस्टरांकडे वळले. त्याने त्यांच्या हातातलं आपलं बोट सोडवून घेतलं आणि मूठ घट्ट मिटली.

"ओळखलं," बायको डोळे पुसत म्हणाली. "बरोबर ओळखलं तुम्हाला."